दम लागण्यापासून निदानापर्यंत : फुप्फुसीय उच्च रक्तदाबाच्या इतिहासाचा एक अभ्यास

प्रास्ताविक

रक्तदाब हा शब्द आज सुशिक्षित-अशिक्षित सर्वांच्या तोंडी आहे. दंडावर पट्टा बांधून, हवा भरून जो दाब मोजला जातो तो शरीराला रक्त पुरविणाऱ्या मोठ्या अभिसरणाचा दाब होय. मात्र हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांकडे जाणारे दुसरे, लहान अभिसरण आहे आणि त्याचा दाब कोणत्याही पट्ट्याने मोजता येत नाही. निरोगी माणसात विश्रांतीच्या अवस्थेत तो सरासरी १४ मि.मी. पारा इतका, म्हणजे मोठ्या अभिसरणातील सरासरी दाबाच्या साधारण एकषष्ठांश असतो. हा दाब वाढू लागला की मुळात पातळ भिंतीची असलेली उजवी जवनिका त्याच्याशी झगडू लागते, प्रथम जाड होते, मग फुगते आणि अखेरीस थकते. रुग्णाला जाणवते ते एवढेच की जिना चढताना पूर्वी लागत नव्हता असा दम आता लागतो.

प्रस्तुत लेखात फुप्फुसीय उच्च रक्तदाबाच्या निदानाचा आणि त्याच्या रुग्णांच्या दीर्घकालीन आयुर्मर्यादेचा इतिहास तपासण्याचा प्रयत्न केला आहे. वैद्यकाचा इतिहास बहुधा औषधांच्या शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. या आजाराच्या बाबतीत तसे लिहिणे सोपे आहे, कारण १९९५ नंतरच्या तीन दशकांत त्यावर एकामागून एक औषधे आली. परंतु त्याच काळातील नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या असता दुसरीच एक गोष्ट नजरेस येते. निदानानंतरचे आयुष्य वाढले, पण पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंतचा काळ जवळजवळ होता तेवढाच राहिला. असे का व्हावे, याचे उत्तर औषधांच्या इतिहासात सापडत नाही. ते निदानाच्या इतिहासात शोधावे लागते.

शवविच्छेदनाच्या मेजावरील आजार

१८९१ मध्ये अर्न्स्ट फॉन रोमबर्ग या जर्मन वैद्याने एका तरुण रुग्णाच्या शवविच्छेदनाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. फुप्फुसाच्या धमन्या कठीण झालेल्या होत्या, उजवे हृदय वाढलेले होते. आणि हे सर्व घडवून आणील असे फुप्फुसाचे किंवा झडपांचे कोणतेही कारण दिसत नव्हते. रोमबर्गने या स्थितीला फुप्फुस धमनीचे काठिण्य असे वर्णनात्मक नाव दिले. त्याच्यापुढे दाबाची कल्पनाच नव्हती, कारण दाब मोजण्याचे साधन नव्हते. सहा वर्षांनी, १८९७ मध्ये, व्हिएन्नाच्या व्हिक्टर आयझेनमेंगरने हृदयाच्या पडद्यास जन्मजात छिद्र असलेल्या एका रुग्णाचे वर्णन केले. त्याचा फुप्फुसीय दाबाशी असलेला संबंध स्पष्ट होण्यास आणखी साठ वर्षे लागली.

अर्जेंटिनातील आबेल आयेर्सा यांची कथा अधिक बोलकी आहे. १९०१ मध्ये ब्युनोस आयर्स येथे दिलेल्या एका व्याख्यानात त्यांनी तीव्र निळसर-काळी पडलेली त्वचा, दम आणि रक्तातील तांबड्या पेशींची वाढ असलेल्या रुग्णाचे वर्णन केले. व्याख्यान त्यांनी स्वतः छापले नाही; ते त्यांच्या शिष्यांनी पुढे नेले आणि अशा रुग्णांना ‘काळे हृद्रोगी’ असे नाव पडले. पुढे शिष्यांपैकी आरियागा यांनी या विकाराच्या मुळाशी फुप्फुस धमनीचा उपदंश असल्याचे प्रतिपादन केले. त्या काळी उपदंश हे अनेक अनाकलनीय आजारांचे सोयीस्कर उत्तर होते, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे आश्चर्य वाटत नाही. परिणाम मात्र गंभीर होता. कारण ‘सापडले’ की शोध थांबतो. १९३५ मध्ये ऑस्कर ब्रेनर यांनी फुप्फुसीय उच्च रक्तदाबाच्या १०० रुग्णांचा विकृतिशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध करून उपदंशाची उपपत्ती मोडीत काढली, आणि आयेर्साचा आजार नावाचा कोणताही स्वतंत्र आजार नसल्याचे दाखवून दिले. एका चुकीच्या नावाने दोन दशकांहून अधिक काळ घेतला होता.

या पहिल्या पर्वाचे वैशिष्ट्य असे की निदान आणि मृत्यू यांत अंतरच नव्हते. रुग्ण मेल्यानंतर निदान होत असे. साहजिकच दीर्घकालीन निष्पत्तीचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

नलिका आणि आकडा

१९२९ मध्ये बर्लिनजवळील एबर्सवाल्डे येथील रुग्णालयात वेर्नर फोर्समान या पंचविशीतील डॉक्टरने स्वतःच्या दंडाच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत सरकवली आणि क्ष-किरण विभागात चालत जाऊन तिचे छायाचित्र काढून घेतले. या प्रयोगाबद्दल त्याच्या वाट्याला त्या वेळी कौतुकापेक्षा उपेक्षाच अधिक आली. नळीचा पद्धतशीर उपयोग केला तो न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातील आन्द्रे कूरनां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी, १९४० च्या दशकात. तिघांना मिळून १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नळी फुप्फुस धमनीपर्यंत पोहोचली आणि जिवंत माणसाच्या फुप्फुसीय अभिसरणाचा दाब प्रथमच आकड्यात सांगता येऊ लागला.

याच सुमारास, १९४६ मध्ये, स्वीडनच्या फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले की श्वासातील प्राणवायू कमी झाला की फुप्फुसातील सूक्ष्म धमन्या आकुंचन पावतात. शरीराच्या इतर भागांत याच्या उलट घडते. उंच प्रदेश, धुराने जर्जर झालेली फुप्फुसे, झोपेतील श्वासावरोध अशा एरवी असंबद्ध वाटणाऱ्या कारणांमागील समान धागा या एका निरीक्षणातून हाती आला.

१९५१ मध्ये न्यूयॉर्कमधील डेव्हिड ड्रेसडेल आणि सहकाऱ्यांनी कोणतेही कारण न सापडणाऱ्या रुग्णांचे नळीने मोजलेले दाब प्रसिद्ध केले आणि त्या स्थितीला ‘प्राथमिक फुप्फुसीय उच्च रक्तदाब’ हे नाव दिले. टोलाझोलीन हे रक्तवाहिन्या शिथिल करणारे औषध दिल्यावर दाब उतरतो, हेही त्यांनी नोंदवले. तीन वर्षांनी त्यांनीच एका कुटुंबातील अनेकांना हा आजार झाल्याचे नोंदवले. लंडनचे पॉल वूड यांनी अॅसिटिलकोलीन वापरून असाच अनुभव घेतला, आणि १९५८ मध्ये रक्तवाहिन्यांच्या आकुंचनाचा घटक या आजारात महत्त्वाचा असल्याचे मांडले. आयझेनमेंगरच्या रुग्णाचा खरा अर्थही वूड यांनीच त्या वर्षी उलगडून दाखवला : छिद्रामुळे वर्षानुवर्षे जास्तीचे रक्त फुप्फुसात जाते, तेथील धमन्या कायमच्या बिघडतात, आणि मग प्रवाहाची दिशाच उलटते. हीथ आणि एडवर्ड्स यांनी या बिघाडाची सहा पायऱ्यांत केलेली प्रतवारीही १९५८ चीच.

येथे ‘प्राथमिक’ या विशेषणाविषयी थोडे लिहिणे आवश्यक वाटते. त्याचा वैद्यकीय अर्थ ‘आम्हास कारण ठाऊक नाही’ एवढाच होता. परंतु भाषेत ‘प्राथमिक’ म्हणजे मूळचे, पहिले. अज्ञानाची कबुली देणारा शब्द ज्ञानाचा आभास निर्माण करू लागला, आणि बाकीचे सर्व प्रकार ‘दुय्यम’ ठरून अभ्यासाच्या परिघाबाहेर ढकलले गेले. व्हेनिस येथील २००३ च्या जागतिक परिषदेत हे विशेषण वगळण्यात आले, म्हणजे ते बावन्न वर्षे टिकले. दम्याने, चुलीच्या धुराने किंवा संधिवाती तापाने आजारी असलेले रुग्ण संख्येने कितीतरी अधिक होते, पण ते दुय्यम होते. भारतासारख्या देशांतील रुग्ण बहुतांशी याच दुय्यमांत मोडत होते.

भूक मारणाऱ्या गोळ्या

१९६५ मध्ये अमिनोरेक्स नावाची भूक कमी करणारी गोळी स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि पश्चिम जर्मनीत विक्रीस आली. दोनेक वर्षांत या तीन देशांतील, आणि याच तीन देशांतील, रुग्णालयांत कारण न सापडणाऱ्या फुप्फुसीय उच्च रक्तदाबाचे रुग्ण अनेक पटींनी वाढले. बर्न येथील हान्सपेटर गुर्टनर यांच्या हे ध्यानात आले. १९६८ मध्ये गोळी बाजारातून काढून घेण्यात आली आणि पुढील काही वर्षांत रुग्णांचे प्रमाण पूर्वपदावर आले. तोपर्यंत अनेक रुग्ण, बहुसंख्य स्त्रिया, दगावले होते.

या घटनेचे महत्त्व केवळ औषध-सुरक्षेच्या इतिहासापुरते नाही. ‘प्राथमिक’ म्हणून गणल्या गेलेल्या आजाराला बाहेरचे, ओळखता येणारे कारण असू शकते हे त्यातून सिद्ध झाले. शिवाय हा आजार किती जणांना होतो, कसा वाढतो, त्याची व्याख्या तरी काय, या मूलभूत प्रश्नांची उत्तरे कोणाकडेही नव्हती हे उघड झाले. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर १९७३ मध्ये जिनीव्हा येथे तज्ज्ञांची बैठक बोलावली. तिचा अहवाल १९७५ मध्ये निघाला. विश्रांतीच्या अवस्थेत फुप्फुस धमनीतील सरासरी दाब २५ मि.मी. पाऱ्याहून अधिक असल्यास तो आजार समजावा, ही रूढ झालेली मर्यादा याच बैठकीतून आली. निरोगी माणसाचा दाब याहून बराच कमी असतो हे तज्ज्ञांना ठाऊक होते. २५ हा आकडा सावधगिरीचा, नसलेला आजार कोणाच्या माथी मारला जाऊ नये यासाठीचा होता. तो तब्बल पंचेचाळीस वर्षे चालला.

अमिनोरेक्सचा धडा किती काळ स्मरणात राहिला? १९९६ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत डेक्सफेनफ्लुरामीन या दुसऱ्या भूक मारणाऱ्या औषधाला परवानगी मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युरोपातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ९५ रुग्ण आणि ३५५ निरोगी व्यक्ती यांची तुलना करून त्यात असे दिसले की अशी औषधे घेणाऱ्यांत प्राथमिक फुप्फुसीय उच्च रक्तदाबाची शक्यता सुमारे सहापट, आणि तीन महिन्यांहून अधिक काळ घेणाऱ्यांत सुमारे तेवीसपट होती. औषध बाजारातून गेले ते पुढील वर्षी, १९९७ मध्ये, आणि तेही हृदयाच्या झडपांवरील दुष्परिणामांमुळे. त्याच रासायनिक कुळातील बेनफ्लुओरेक्स फ्रान्समध्ये २००९ पर्यंत विकले जात होते. विस्मृतीचा हा प्रवास अभ्यासकांनी स्वतंत्रपणे लिहावा इतका शिक्षाप्रद आहे.

१९८७ ची नोंद

जिनीव्हाच्या बैठकीने रुग्णांची एकत्रित नोंद ठेवण्याची शिफारस केली होती. ती प्रत्यक्षात आणली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने. १९८१ ते १९८५ या काळात ३२ केंद्रांतून १८७ रुग्णांची नोंद झाली. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेला हा वृत्तांत या विषयातील पहिला विश्वसनीय दस्तऐवज होय. रुग्णांचे सरासरी वय ३६ वर्षे होते. दर एका पुरुषामागे १.७ स्त्रिया होत्या. निदानाच्या वेळी फुप्फुस धमनीतील सरासरी दाब ६० मि.मी. पारा होता, म्हणजे निरोगी दाबाच्या चौपटीहून अधिक. ६०% रुग्णांत पहिले लक्षण दम लागणे हेच होते. आणि पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी दोन वर्षे गेली होती.

चार वर्षांनी, १९९१ मध्ये, याच नोंदीतील १९४ रुग्णांच्या आयुर्मर्यादेचा हिशेब आला. निदानानंतर एक वर्ष जगणारे ६८%, तीन वर्षे जगणारे ४८%, पाच वर्षे जगणारे ३४%. निम्मे रुग्ण २.८ वर्षांच्या आत दगावले. पस्तिशी-छत्तिशीच्या वयात निदान झालेल्या माणसाला, बहुधा घरात लहान मुले असलेल्या स्त्रीला, त्या काळी डॉक्टर जे सांगू शकत होते ते या आकड्यांत आहे.

या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष इतिहासाच्या दृष्टीने मोलाचा आहे. मृत्यूचे भाकीत करण्यास केवळ फुप्फुस धमनीचा दाब पुरेसा नव्हता. उजव्या कर्णिकेतील वाढलेला दाब आणि हृदयातून दर मिनिटास बाहेर पडणाऱ्या रक्ताचे घटलेले प्रमाण यांचाही त्यात मोठा वाटा होता. कारण उघड आहे. उजवी जवनिका थकली की ती पूर्वीइतका दाब निर्माणच करू शकत नाही. अखेरच्या टप्प्यात दाब उतरताना दिसतो आणि रुग्ण मात्र खालावतो. ज्या आकड्यावर आजाराची व्याख्या उभी होती, तो एकटा रुग्णाचे भवितव्य सांगण्यास अपुरा ठरत होता.

उपचारांची तीन दशके

उपचारांचा इतिहास इतरत्र विस्ताराने उपलब्ध असल्याने येथे त्याचे टप्पे तेवढे नोंदवतो. ९ मार्च १९८१ रोजी स्टॅनफर्ड येथे ब्रूस राइट्झ आणि नॉर्मन शमवे यांनी हृदय आणि दोन्ही फुप्फुसे यांचे एकत्रित प्रत्यारोपण यशस्वी केले. मेरी गोल्की या प्राथमिक फुप्फुसीय उच्च रक्तदाबाच्या रुग्ण होत्या आणि त्यानंतर त्या पाच वर्षे जगल्या. १९९२ मध्ये स्टुअर्ट रिच यांनी कॅल्शियम-रोधक औषधांच्या मोठ्या मात्रांचा अनुभव प्रसिद्ध केला. ६४ पैकी १७ रुग्णांना लाभ झाला आणि त्यांपैकी ९४% पाच वर्षांनंतर हयात होते. या निष्कर्षाने मोठी आशा निर्माण केली. तथापि २००५ मध्ये फ्रान्समधील ५५७ रुग्णांच्या अभ्यासातून दिसले की दीर्घकाळ लाभ होणारे रुग्ण ६.८% इतकेच असतात.

१९७६ मध्ये लंडनला जॉन व्हेन आणि साल्व्हादोर मोन्कादा यांच्या गटाने प्रोस्टासायक्लीनचा शोध लावला. रक्तवाहिन्यांचे अस्तर स्वतःच हा द्रव्यांश तयार करते. त्याचे औषधी रूप, एपोप्रोस्टेनॉल, शिरेवाटे अखंड देत राहावे लागते, कारण रक्तात ते काही मिनिटांतच नष्ट होते. १९९५ मध्ये त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली आणि १९९६ मध्ये त्याची चाचणी प्रसिद्ध झाली. ८१ रुग्णांच्या त्या बारा आठवड्यांच्या चाचणीत आठ मृत्यू झाले; आठही जण एपोप्रोस्टेनॉल न मिळालेल्या गटातील होते. छातीत बसवलेली नळी आणि कमरेला अडकवलेला पंप हे या रुग्णांचे आयुष्यभराचे सोबती झाले. नंतर तोंडाने घेण्याची औषधे आली : २००१ मध्ये बोसेंटान, २००५ मध्ये सिल्डेनाफिल, २०१३ मध्ये रिओसिग्वाट आणि मॅसिटेंटान.

आनुवंशिकतेच्या शोधाचा प्रवास याला समांतर चालला होता. ड्रेसडेल यांनी १९५४ मध्ये नोंदवलेल्या कौटुंबिक प्रकाराचे कारण २००० मध्ये सापडले. दोन स्वतंत्र गटांनी बीएमपीआर-टू या जनुकातील दोष शोधून काढला. या जनुकाचे कार्य धमनीच्या भिंतीतील पेशींच्या वाढीला आवर घालण्याचे आहे. बिघडलेला हा तोल सावरण्याच्या कल्पनेवर बेतलेले सोटॅटरसेप्ट हे औषध मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. शोध आणि औषध यांत चोवीस वर्षांचे अंतर आहे.

जगण्याच्या आकड्यांचे वाचन

२००२-०३ मधील फ्रेंच नोंदीत ६७४ रुग्ण होते आणि त्यांचे सरासरी वय ५० होते. कारण न सापडणारा, कौटुंबिक किंवा भूक मारणाऱ्या औषधांमुळे झालेला आजार असलेल्या त्यांतील रुग्णांत तीन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ५८% निघाले. २००६ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेच्या ‘रिव्हील’ या नोंदीत निदानानंतर एक वर्ष जगणारे ८५%, तीन वर्षे ६८%, पाच वर्षे ५७% आणि सात वर्षे ४९% आढळले. १९९१ च्या ३४% शेजारी हे ५७% ठेवले की प्रगती डोळ्यांत भरते.

तरीही हे आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत, आणि ही बाब आपल्या अध्यापनात अनेकदा निसटते. पहिल्या नोंदीत केवळ प्राथमिक प्रकारचे रुग्ण होते. रिव्हीलमध्ये जन्मजात हृद्रोग व संयोजी ऊतींच्या विकारांचे रुग्णही होते, आणि या दोहोंची आयुर्मर्यादा परस्परांहून फार भिन्न असते. दुसरे असे की नोंदणीच्या कित्येक वर्षे आधी निदान झालेले रुग्णही नव्या नोंदींत घेतलेले होते. जे आधीच मेले ते नोंदणीला येऊ शकत नाहीत. जे आले ते मुळात टिकून राहिलेले होते. सरासरी वयही ३६ वरून ५० वर गेले. म्हणजे तरुण स्त्रियांचा आजार वयस्कांचा झाला असे नव्हे, तर वयस्कांतही तो शोधला जाऊ लागला.

माझ्या मते सुधारणा खरी आहे, पण दिसते तेवढी मोठी नाही. एपोप्रोस्टेनॉल घेणाऱ्या १७८ रुग्णांच्या २००२ मधील फ्रेंच अभ्यासात पाच वर्षे जगणारे ५५% होते, आणि हे सर्व रुग्ण आजाराच्या गंभीर अवस्थेतील होते. म्हणून हा आकडा रिव्हीलच्या ५७ टक्क्यांपेक्षा मला अधिक आश्वासक वाटतो.

दिरंगाई

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९८७ च्या नोंदीत लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी दोन वर्षे लागली होती. फ्रेंच नोंदीत २७ महिने. रिव्हीलमध्ये २.८ वर्षे. मधल्या काळात हृदयाचे ध्वनिलहरींनी चित्रण करण्याचे तंत्र, म्हणजे आपण ज्याला ‘इको’ म्हणतो ते, जिल्ह्याच्या गावापर्यंत पोहोचले होते. १९८४ मध्ये योक आणि पॉप यांनी त्रिदल झडपेतून उलट वाहणाऱ्या रक्ताच्या वेगावरून उजव्या जवनिकेतील दाबाचा अंदाज बांधण्याची रीत दाखवून दिली होती. साधन होते, औषधेही होती. निदान तरीही उशिराच होत राहिले. फ्रेंच नोंदीतील तीन चतुर्थांश रुग्ण निदानाच्या वेळी इतके आजारी होते की रोजची साधी कामेही त्यांना दमवीत होती.

याचे एक कारण शरीररचनेतच आहे. फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचे जाळे इतके विस्तीर्ण आहे की एक अख्खे फुप्फुस शस्त्रक्रियेने काढले तरी विश्रांतीच्या अवस्थेत दाब फारसा वाढत नाही. याचा अर्थ असा की दाब वाढलेला आढळतो तेव्हा जाळ्याचा फार मोठा भाग आधीच निकामी झालेला असतो. आजाराची सुरुवात मूक असते.

दुसरे कारण लक्षणाच्या सामान्यपणात आहे. दम कोणाला लागत नाही? रिव्हीलमधील पाचांपैकी एका रुग्णाची लक्षणे दोन वर्षांहून अधिक काळ ओळखली गेली नव्हती, आणि वयाच्या छत्तिशीपूर्वी लक्षणे सुरू झालेल्यांत अशा विलंबाची शक्यता सर्वांत जास्त होती. ज्यांच्या कागदांवर श्वासनलिकेच्या जुनाट विकाराची नोंद आधीपासून होती, तेही मागे राहिले. एक निदान हाती असले की दुसऱ्याचा शोध घेतला जात नाही. आयेर्सा-आरियागांच्या काळातील उपदंशाचे काम आता दम्याने केले. तरुण स्त्रीचा दम अशक्तपणाचा, रक्तक्षयाचा, बाळंतपणानंतरचा किंवा ‘मनाचा’ ठरवण्याची सवय आपल्याकडे तर घरातूनच सुरू होते. ती दवाखान्यापर्यंत येते तेव्हा ‘कामाचा ताण आहे’ हे निदान तिला घरच्यांनी आधीच दिलेले असते.

व्याख्येचाही यात वाटा होता. २००९ मध्ये कोवाच आणि सहकाऱ्यांनी ४७ अभ्यासांतील १,१८७ निरोगी व्यक्तींची मोजमापे एकत्र करून सामान्य दाब सरासरी १४ आणि कमाल मर्यादा २० च्या आसपास असल्याचे दाखवले. २० ते २५ च्या मधले रुग्ण म्हणजे निरोगीही नाहीत आणि व्याख्येनुसार आजारीही नाहीत, अशी त्रिशंकू अवस्था होती. नीस येथील २०१८ च्या जागतिक परिषदेत मर्यादा २० वर आणण्याचे ठरले आणि २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी ती स्वीकारली. परंतु नळी घातल्याशिवाय हा आकडा कळत नाही, आणि शंका आल्याशिवाय नळी घातली जात नाही. व्याख्या बदलल्याने शंका लवकर येत नाही.

भारतीय संदर्भ

भारतात या विषयाचा अभ्यास ‘दुय्यम’ प्रकारांतूनच सुरू झाला आणि ते स्वाभाविक होते. १९५९ मध्ये डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती आणि पाठक यांनी दिल्लीतील १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसाच्या जुनाट विकारामुळे उजवे हृदय वाढण्याचा हा विकार पाश्चात्त्य ग्रंथांत मुख्यतः धूम्रपान करणाऱ्या वयस्क पुरुषांचा मानला जाई. दिल्लीत तो स्त्रियांतही मोठ्या प्रमाणात आढळला. चुलीचा धूर आणि लहानपणापासून होणारे छातीचे संसर्ग यांकडे या संशोधनाने लक्ष वेधले. स्वयंपाकघर हे हृद्रोगाचे कारण असू शकते हे सांगणारे ते आरंभीचे भारतीय संशोधन होय. १९६३ मध्ये डॉ. सुजय रॉय आणि सहकाऱ्यांनी भारतातील किशोरवयीन रुग्णांत संधिवाती तापामुळे द्विदल झडप आकुंचित होण्याच्या विकाराचे वर्णन केले. पश्चिमेत चाळिशीत दिसणारी झडपेची ही अवस्था, आणि तिच्यामागून येणारा फुप्फुसीय दाब, येथे शाळकरी वयात दिसत होता. १९९० मध्ये आनंद आणि सहकाऱ्यांनी ५,८०० ते ६,७०० मीटर उंचीवर तैनात असलेल्या २१ भारतीय जवानांमध्ये उजव्या हृदयाच्या अपयशाचे वर्णन केले. जवानांना खाली आणल्यावर ते बरे झाले. फॉन ऑयलर यांच्या मांजरांनी जे सांगितले होते, त्याचा हा हिमालयातील पडताळा होता.

सिल्डेनाफिलच्या बाबतीत भारताने केलेले काम फारसे सांगितले जात नाही. भारतात औषधी उत्पादनांवर पेटंट देणे २००५ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वीच देशी कंपन्यांचे स्वस्त सिल्डेनाफिल उपलब्ध होते. हैदराबाद येथील शास्त्री आणि सहकाऱ्यांनी २२ रुग्णांवर केलेली नियंत्रित चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तीत रुग्णांची व्यायामक्षमता लक्षणीयरीत्या वाढलेली दिसली. मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी त्यानंतरच्या वर्षी आली. याउलट सर्वांत प्रभावी ठरलेले एपोप्रोस्टेनॉल भारतीय बाजारात दीर्घकाळ उपलब्धच नव्हते. भारतीय रुग्णाच्या दीर्घकालीन निष्पत्तीची तुलना पाश्चात्त्य आकड्यांशी करताना हा फरक विसरता येत नाही.

विदर्भातील वाचकांना जवळचा वाटेल असा एक संदर्भ सिकलसेल आजाराचा आहे. २००४ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात १९५ प्रौढ सिकलसेल रुग्णांपैकी ३२% जणांत इकोवर फुप्फुसीय दाब वाढलेला दिसला, आणि मोठी खळबळ उडाली. २०११ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे ४०० रुग्णांची तपासणी झाली. इकोवर संशय आलेले २७% होते. नळीने पडताळल्यावर उरले ६%. इको संशय व्यक्त करतो, निदान करत नाही, हे यातून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही पाठ्यपुस्तकातून होत नाही.

केरळमधील ५० रुग्णालयांनी मिळून केलेली नोंद २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत २,००३ रुग्ण आहेत, म्हणजे अमेरिकेच्या पहिल्या नोंदीच्या दहापटीहून अधिक. त्यांपैकी ५९% जणांचा फुप्फुसीय दाब डाव्या हृदयाच्या विकारामुळे वाढलेला होता. फुप्फुस धमन्यांचाच मूळ विकार असलेले २१% होते. या नोंदीत रुग्णाचा समावेश करण्यासाठी इकोवरील ठरावीक मर्यादेहून अधिकचा दाब पुरेसा मानला होता, आणि बहुसंख्य रुग्णांना नळीची तपासणी झालेली नव्हती. डाव्या हृदयामुळे वाढलेला दाब आणि धमन्यांचा मूळ विकार यांतील भेद नळीनेच नक्की होतो, आणि धमन्यांसाठीची औषधे पहिल्या प्रकारात उपयोगी तर पडत नाहीतच, क्वचित अपायकारक ठरतात. रुग्णाच्या हाती असलेल्या कागदावर ‘फुप्फुसीय उच्च रक्तदाब, तीव्र’ एवढेच लिहिलेले असते आणि त्याच्या खाली सिल्डेनाफिलची चिठ्ठी असते.